नखाएवढा सूर्य

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मी रोज संध्याकाळी चालायला जाते. तिथे एक काका दिसायचे. ऑफिसची इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मोजे बुटांत, बूट हातात आणि ऐन सूर्यास्ताला डोळे गच्च मिटलेले!

एकदा न राहवून विचारलं, "काका, बघत का नाही?"

"आधीपासून बघितलं की डोळे दिपतात गं. बुडताना अगदी शेवटी सूर्य क्षणभर हिरवा होतो म्हणतात. त्यासाठी भांडुपहून येतो. पण दर वेळी डोळे उघडायला उशीर होतो. तू सांगशील? नखाएवढा उरला की ओरड."

झालं, मला नोकरीच लागली. कधी ढग, कधी धुरकं, कधी नेमकी मध्ये आलेली होडी.

मग एका लख्ख संध्याकाळी मी ओरडले, "काका, आता!"

त्यांनी डोळे उघडले आणि तोंडाचा आ झाला. "हिरवा! आईशप्पथ, हिरवा!" बूट हवेत उडाले, त्यातला एक लाटेत गेला. तो पकडायला आम्ही दोघं वेड्यासारखे हसत पाण्यात धावलो.

"कसला झकास होता ना?" बुटातलं पाणी ओतत ते म्हणाले.

तेव्हा कुठे मला कळलं, की ओरडल्यावर मी समुद्राकडे बघितलंच नव्हतं. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते.

मी तसं सांगताच त्यांचं हसू एकदम थांबलं. "अगं, वाट लागली! उद्यापासून तू डोळे मीट, मी ओरडतो."

तेव्हापासून रोज डोळे मिटते. परवा हळूच एक डोळा किलकिला केला, तर सूर्य बुडून गेलेला आणि काका ओरडायचं विसरून माझ्या तोंडाकडे बघत होते.