दुसऱ्या गिअरवर काय ओढलं

गेवराईहून बीडकडे येताना पुलाच्या चढावर गाडीचा दुसरा गिअर निसटला. खट्ट आवाज झाला, इंजिन मोकळंच ओरडलं आणि गाडीची ओढ गेली. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर येत होता. चालकाने आधी हॉर्न दिला, मग शिवी. मी कडेला झालो, पुन्हा दुसरा टाकला आणि निघालो. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा तेच.

गाडी वडिलांची. शंभर सीसी, चार गिअर, टाकीचा रंग दोन्ही बाजूंना त्यांच्या गुडघ्यांनी घासलेला. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, जमीन दोघा भावांत सामाईक राहिली. शेत धाकटा भाऊ करतो. काय पेरलं, काय निघालं, कुठे विकलं, हे तो फोनवर सांगतो आणि मी मानतो. आमच्यात कागद नाही. मी काम करतो त्या वर्तमानपत्रात एका माणसाच्या सांगण्यावर बातमी छापत नाहीत, दुसऱ्याकडून दुजोरा घेतात. हा नियम मी भावाला कधी लावला नव्हता.

मागच्या पावसाळ्यात कार्यालयाने मला काही महिने संभाजीनगरला पाठवलं. गाडी गावी भावाकडे ठेवली. दिवाळीनंतर आणायला गेलो तेव्हा ती धुऊन, पुसून, पोत्याखाली झाकलेली होती.

"हातबी लावला न्हाई, दादा," भाऊ म्हणाला. "आठ दिवसाला एक किक मारायचो, इंजिन जाम हू न्हाई म्हनून. बस."

बीडमधल्या नेहमीच्या मिस्त्रीने चक्कर मारून पाहिली आणि क्लच प्लेट संपल्याचं सांगितलं. प्लेटा बदलल्या. गिअर निसटतच राहिला. मग त्याने दोष माझ्यावर टाकला.

"पेपरवाल्याचा पाय हाय, हलका पडतो. जरा दाबून टाकत जावा."

मी दाबून टाकून पाहिलं. पायाजवळचा लिव्हर सैल आहे का, क्लचची वायर ताणलेली आहे का, ऑइल किती आहे, हेही पाहिलं. सगळं ठीक होतं. पुढचे काही दिवस फक्त लक्ष ठेवलं. उतारावर दुसरा गिअर टिकायचा. सपाट रस्त्यावर, एकटा असलो की टिकायचा. चढ आला किंवा मागे कुणी बसलं, की सुटायचा. पहिला, तिसरा, चौथा कधीच सुटले नाहीत. म्हणजे पाय, लिव्हर, क्लच यांचा संबंध नव्हता. ते चारही गिअरना सारखेच असतात. बिघाड आत होता, आणि एकाच गिअरमध्ये.

"मग इंजिन खोलावं लागंल," मिस्त्री म्हणाला. मी समोर बसून राहिलो.

पुढच्या चेनचक्रावरचं झाकण काढलं तर आत काळी माती निघाली. ग्रीसमध्ये कालवून वाळलेली, विटेसारखी. स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागली. तिच्यात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या होत्या.

"गाडी रानात ऱ्हाती का घरात?" मिस्त्रीने विचारलं.

इंजिन उघडल्यावर त्याने दुसरा गिअर माझ्या हातावर ठेवला. दोन गिअरना एकमेकांत अडकवून धरणारे त्याच्या अंगावरचे चौकोनी खुंट गोल झाले होते. बाकीच्या गिअरच्या कडा बोटाला लागत होत्या.

"हिनं लई ओढलंय," तो म्हणाला. "एकाच गिअरवर. हळूहळू, ताणून."

आमच्याकडे कोळपणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, माणूस मिळेनासा झाल्यापासून जुन्या मोटारसायकली रानात उतरल्या आहेत. मागचं चाक काढून लोखंडी चाक बसवतात, मागे कोळपं जोडतात आणि कापसाच्या ओळींमधून गाडी चालवतात. पहिल्यावर इंजिन तापतं, तिसरा ओढत नाही. काम दुसऱ्यावरच होतं.

गिअर बदलून घेतला आणि त्याच गाडीवर गावी गेलो. आमच्या बांधाशेजारचा शेतकरी रस्त्यालाच भेटला.

"या पेपरवाले! अजून काय कोळपायचं ऱ्हायलंय?"

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? या गाडीनं यंदा निम्मं शिवार कोळपलं की. माझाबी कापूस हिनंच..." माझ्याकडे पाहून तो थांबला. "तुमाला ठावं असंल म्हनलं."

भाऊ गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता. मी गाडी बंद करून स्टँडला लावली.

"दुसऱ्या गिअरवर काय ओढलंस?"

"कायबी न्हाई."

"झाकणात माती निघाली."

"रस्त्याची असंल."

"रस्ता डांबरी आहे. माती काळी होती. तिच्यात पऱ्हाटी होती."

त्याने वैरणीची पेंढी सोडली, झटकली, पुन्हा टाकली. "दादा, तू काय माझी बातमी काढाया आला का?"

त्याच्या मागे, भिंतीला टेकवून, खिळ्यांचं लोखंडी चाक उभं होतं. ते झाकायचं त्याला सुचलं नव्हतं, किंवा गरज वाटली नव्हती.

"म्या मागितली असती तर दिली असती का?" त्याने विचारलं.

"दिली असती."

"मंग झालं की!"

तो हो म्हणाला नाही. मी निघेपर्यंत म्हणाला नाही. भावजयीने चहा आणला आणि तो आम्ही दोघांनी प्यायला. शिवारातल्या सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट माझ्यापुरती घडली नव्हती, आणि ती तशीच ठेवायची असं त्याने ठरवलं होतं. गिअर झिजला त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. धुऊन, पुसून, पोत्याखाली झाकलेली गाडी मात्र परतीच्या रस्त्यावर सारखी डोळ्यांसमोर येत राहिली.

दुसरा गिअर आता निसटत नाही. चढावर, मागे माणूस बसवून, मी तो तपासून पाहिला आहे.

उन्हाळ्यात भावाचा फोन आला. विहिरीवरची मोटर जळाली, वाइंडिंग भरायला टाकली आहे, चार दिवस पाणी बंद. नेहमीप्रमाणे मी बरं म्हणालो. त्याने फोन ठेवल्यावर मी बांधाशेजारच्या शेतकऱ्याला फोन लावला आणि आमची मोटर चालू आहे का, असं विचारलं.

"कुठली चालू? जळाली की परवा. म्याच वर काढू लागलो तिला," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "का हो? भाऊ बोलला न्हाई का?"

"बोलला," मी म्हणालो.