नारिंगी जाकिटातले साहेब

तो नारळ मला अजून फोडवत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडलाय आणि दिसला की माझीच मला शिसारी येते.

माझ्या एका मित्राने हौसेपोटी शिडाची नाव घेतली. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे, पण धरणाचा फुगवटा आहे ना! माजलगावकडे पाणी चढलं की काही वस्त्या चारी बाजूंनी पाण्यात सापडतात. सुट्टी आली की आम्ही दोघं नाव घेऊन निघायचो, वस्त्या बघायचो, फोटो काढायचो. "आपल्या बीडमध्ये बेटं, सांगून पटेल का कुणाला?" असं म्हणत मित्र स्वतःवरच खूश.

शेवटच्या वस्तीत जेमतेम पंधरा घरं. काठावर गुळाची काहील टेकवून ठेवलेली. गुऱ्हाळातून मागून आणलेली ही भलीमोठी लोखंडी कढईच त्यांची नाव. तिच्यात बसून, बांबूने पाणी मारत ते बाजारहाट करायचे. आम्ही नारिंगी जाकिटं घालून उतरलो आणि मित्राचा नेहमीचा चोंबडेपणा सुरू झाला. घरं किती? दवाखाना किती लांब? अडलेली बाई कशी नेता? मी सगळं मोबाइलवर टिपत होतो. कशासाठी, तर पोस्ट टाकायला.

आमच्याकडे घरं मोजणारा माणूस सरकारीच असतो. बघता बघता सतरंजी अंथरली, शाली आल्या, नारळ आले. एका तरण्या गड्याने बायकोला पुढे आणलं. तिला आठवा सरत आला होता.

"साहेब, नाव आता हितंच ऱ्हानार ना? हिचं लई अवघड हाय म्हनली डॉक्टरीन. काहिलीत बसवायचं भ्याव वाटतं."

मित्राच्या डोक्यावर फेटा चढत होता. "होईल सोय," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. आम्ही साहेब नाही, हे मला सांगता आलं असतं. पण ती शाल, ते 'साहेब' मला आवडत होतं. किळस येते ती याची.

तीन आठवड्यांनी माजलगावच्या बाजारात तोच गडी दिसला. चिंब भिजलेला.

"कसा आलास?"

"टायरच्या ट्यूबवर. काहील माघारी दिली गुऱ्हाळवाल्याला. तुमी नाव देनार, मग लोकाची चीज कशाला अडकून ठिवायची? आता त्याचं गुऱ्हाळ लागलंय, तो देत न्हाई." त्याने हात जोडले. "साहेब, नाव कवा येनार? हिचे चार-सा दिसच ऱ्हायलेत."

नाव मित्राच्या अंगणात ताडपत्रीखाली नुसती पडून होती. आम्ही फिरायला आलो होतो, एवढंच बोलायचं होतं. आजूबाजूचे चारजण थांबून ऐकायला लागले.

"बघतो," मी म्हणालो.