त्या चित्रांत लाल नव्हता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. पोटात ठेवून ठेवून नासलंय, एवढंच.

घरात भिंतीवर माझा पुरस्कार आहे. कलाविषयक पत्रकारितेचा. पुण्याच्या सभागृहात मिळालेला — शाल, नारळ, पितळी मानचिन्ह. गंगापूरकडच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्या दिवशी माझा बाप पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीवर बसला होता. त्या पितळेचा मला लई अभिमान होता. आता नुसता संताप येतो. स्वतःचा तर येतोच — पण देणाऱ्यांचाही येतो, आणि तो मी लपवणार नाही.

कारण त्यांची अट होती. आपल्या लेखांची कात्रणं पाठवा, त्यांत एक तरी 'निर्भीड समीक्षेचं' पाहिजे. निर्भीड! मी इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत चित्रप्रदर्शनांवर लिहायचो. आणि लिहायचो काय? कौतुक. ज्याच्यावर लिहायचं तो संध्याकाळी गुलमंडीवर चहाला भेटणार; कुणी प्राध्यापक, कुणाचा मेहुणा आमच्या मालकाचा दोस्त. मग झोडायचं कुणाला — सांगा ना? ज्याच्या मागं कुणी नाही, त्यालाच.

ती सापडली. कौसल्या. पिशोरच्या शाळेत चित्रकला शिकवायची, मेंढपाळाघरची, पहिलंच प्रदर्शन. उद्घाटन शुक्रवारी, आणि माझं पान गुरुवारीच छपाईला जायचं. निमंत्रणासोबत एक घडीपत्रक आलं होतं, त्यात तिच्या चित्रांचे बारके फोटो — काळेपांढरे. त्यावरून मी लिहिलं. न पाहता लिहिणारे तेव्हा बरेच होते. पण ते कौतुक लिहायचे. कौतुकानं कुणाचं काय मोडतं?

मी लिहिलं — भडक लाल-पिवळ्याची जत्रा भरलीय, डोळ्यांना चटके बसतात. फोटोत जे गडद दिसलं ते मला लाल वाटलं. का वाटलं? मेंढपाळाची पोर म्हणजे लाल फेटे, भंडारा, हळद — माझ्या डोक्यात तेच. कुणाच्या डोक्यात? वसतिगृहात पहिल्याच दिवशी 'ढोरं राखायची सोडून इथं कुठं आलास' म्हणून ज्याला हसले होते, त्याच्या!

इथवर कुणीही माफ करील. घाई होती, तरुण वय होतं, वगैरे. पण मला सांगायचंय ते हे नव्हेच.

सोमवारी ती कचेरीत आली. सोबत थोरला भाऊ, खांद्यावर घोंगडी, काखेत चादरीत बांधलेली चित्रं. तिनं गाठ सोडली आणि सगळ्यांदेखत चित्रं माझ्या टेबलावर आडवी टाकली.

"सर, लाल कुठंय?"

मी खुर्चीतून उठलो.

"एक ठिपका दाखवा. मला तर दिसंना. तुमची नजर मोठी."

काळा, करडा, मातकट, राखेसारखा. भावाच्या खांद्यावरच्या घोंगडीचे रंग. अंधारात बसलेला कळप आणि कडेला एक पांढरं कोकरू — उजेड म्हणून तेवढाच. मी पाहिलं. चांगलं होतं — चांगलं काय, ज्यांचं मी वर्षानुवर्षं कौतुक करत आलो त्यांतल्या एकाच्याही हातून तसं उतरलं नव्हतं. हे मला तिथंच, उभ्या उभ्या कळलं.

आणि मी म्हणालो, "मॅडम, लाल म्हणजे लालच नसतो. ती वृत्ती असते. तुम्हाला नाही समजायचं."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं.

भाऊ म्हणाला, "चल कौसे. ज्याला दिसतच नाय, त्याला चित्र दाखवून काय करायलीस?"

दिसत होतं की! तेच तर.

अर्ज तोवर गेलेला नव्हता. कात्रण माझ्या खणात होतं. चुकीची दुरुस्ती छापायला चार ओळींची जागा लागली असती, आणि पान माझंच होतं. मी छापली नाही. ते कात्रण अर्जाला जोडलं — चित्रं पाहून, ती काय आहेत हे समजून जोडलं. मानपत्रात परीक्षकांनी लिहिलं, 'रंगांची सूक्ष्म जाण'. त्यांतल्या एकानंही तिचं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. पाहावंसं वाटलंही नाही. टाळ्या मात्र कडकडून वाजल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं माझ्या बापानं वाजवल्या.

कौसल्यानं पुन्हा प्रदर्शन भरवलं नाही. पुढं पिशोरचा एक जण भेटला, त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "मॅडम पोरांना शिकवतात की. सोताचं काय काढत नायत आता."

यंदा त्या पुरस्काराचा एक परीक्षक मी आहे. अट तीच आहे. अर्ज करणाऱ्या पोरांना निर्भीड समीक्षेचा नमुना म्हणून माझंच कात्रण पाठवतात. परवा ते माझ्यासमोर आलं, एकदा नजर टाका म्हणून. मी नजर टाकली. लाल होता तिथंच होता. मी सही करून पाठवून दिलं.