एक कर्कटक कमी

माझ्या शेजारच्या वर्गात भूमिती शिकवणाऱ्या बाईला मुलं 'काटकोन' म्हणतात. अशा बाबतीत मुलं सहसा चुकत नाहीत. ती चालते ताठ, बसते ताठ, जांभईसुद्धा ताठ मानेनं देते. गेली कित्येक वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खातो, त्यामुळे मी तिला अगंतुगं करते आणि इथंही तसंच करणार आहे. मला मुलांनी काय नाव दिलंय ते मी कधी विचारलेलं नाही.

आमच्या दोन वर्गांच्या मधली भिंत प्लायवूडची आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. पूर्वी काटकोनच्या तासाला नुसता गलका असायचा. "बाई, माझा जमला!" "बाई, ह्याचा त्रिकोण बंदच होत नाही!" मी चिडून भिंतीवर डस्टर आपटायचे. आता तो गलका परत यावा म्हणून मी काय वाटेल ते करीन.

गलका थांबला तो या वर्षी. मधल्या सुट्टीत, जिन्याच्या वळणावर, मोबाइल देत नाही म्हणून दहावीतल्या एकानं नववीतल्या मुलाच्या मानेत कर्कटक खुपसलं. कंपासपेटीतलं साधं, वर्तुळ काढायचं कर्कटक. मुलगा वाचला, पण पुन्हा शाळेत आला नाही. खुपसणाऱ्यालाही काढून टाकलं. त्याचं टोळकं मात्र राहिलं. ते फाटकाबाहेरच्या कोपऱ्यावर उभं असतं आणि त्यांचे भाऊबंद आत मागच्या बाकांवर बसतात.

मग आमच्या मुख्याध्यापकांनी बंद करण्याचा सपाटा लावला. सगळ्या मुलांची कर्कटकं गोळा करून कपाटात कुलूपबंद. मधला जिना बंद. वाचनालय बंद, कारण तिथं म्हणे कोपरे फार. पण खरं बंद पडलं ते याहून वेगळं. वर्गात हात वर होईनासे झाले. उत्तर देणारा मागच्या बाकांच्या डोळ्यांवर येतो, आणि ते आता कुणालाच नको असतं. मीही मुलांकडून निबंध वाचून घेणं सोडलं. नववीतल्या पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीनं एकदा लिहिलं होतं की तिची आई रात्रपाळीला जाते आणि ती घरी एकटी असते. तिनं ते छान वाचलं, मी कौतुक केलं, आणि पुढे आठवडाभर कुणीतरी तिच्या घराचं दार वाजवत राहिलं. आता सगळे 'माझा आवडता ऋतू' लिहितात आणि सगळ्यांचा ऋतू एकच असतो. मी खाली 'छान' असा शेरा मारते. मला त्या शब्दाची लाज वाटते.

आम्ही शिक्षकही बदललो. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ असं आम्ही फार वेळ उभे राहत नाही. बाकांमधून फिरताना खिशात हात घालून घराची किल्ली मुठीत धरतो, टोक बोटांमधून बाहेर काढून. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. मी एकदा काटकोनकडे पाहिलं तर तिचाही हात स्वेटरच्या खिशात होता. आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

परीक्षा जवळ यायला लागली तशी काटकोन मुख्याध्यापकांच्या खोलीत ठाण मांडून बसली. "कर्कटकाशिवाय मी त्यांना काय शिकवू? वर्तुळाचं वर्णन सांगू?" शेवटी ते कबूल झाले. तासापुरती वाटायची, तास संपला की मोजून परत घ्यायची. एक जरी कमी भरलं तरी कायमचं बंद. "आणि जबाबदारी तुमची," ते म्हणाले. कुठल्याही गोष्टीची जबाबदारी दुसऱ्याची, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

नववीत मागच्या बाकावर लंब्या बसायचा. वर्गात सगळ्यांपेक्षा उंच, एकदा नापास झालेला, आत्याकडे राहणारा. टोळक्याबरोबर दिसायचा, म्हणून सगळे त्याला टरकून असत. काटकोन कोन दुभागायला शिकवत होती. कंस काढायचे, ते जिथं छेदतात तिथून रेघ ओढायची. पलीकडून मला आवाज ऐकू आला, भसाडा, नुकता फुटलेला.

"बाई, म्हणजे कोन मोजलाच नाही तरी बरोबर अर्धा होतो?"

"होतो."

"कुठलाही?"

"कुठलाही. तू काढून बघ."

त्या दिवशी जेवताना काटकोनला घास गिळवत नव्हता, इतकी ती खूश होती. "अगं, त्यानं विचारलं! हा पोरगा दहावी पार करणार. मी करवून घेणार. तोवर त्या कोपऱ्यावरच्या पोरांनी त्याला ओढून नेलं नाही म्हणजे झालं." लंब्या रोज तास संपल्यावर एक कोन जास्त दुभागायचा आणि मगच कर्कटक परत द्यायचा. कोपऱ्यावर उभं राहणं त्यानं कमी केलं होतं. आम्ही दोघी त्यावर नजर ठेवून असायचो.

आणि एका दुपारी एक कर्कटक कमी भरलं.

काटकोननं पुन्हा मोजलं. बाकांखाली वाकून पाहिलं. पलीकडची शांतता मला सहन होईना, म्हणून मी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तोवर मुख्याध्यापक वॉचमनला घेऊन आले होते. दप्तरं तपासायला सुरुवात झाली ती मागून, म्हणजे लंब्यापासून. तो उभा राहिला आणि त्यानं दप्तर छातीशी धरलं.

"तुम्हाला देणार नाही. बाईंना बघू दे. बाई, तुम्ही बघा ना."

तो दप्तर पुढे करत बाकाबाहेर आला. काटकोन एक पाऊल मागं सरली. मी पाहिलं ते. सगळ्या वर्गानं पाहिलं. तिचा हात खिशात होता. मग वॉचमननं दप्तर हिसकलं, लंब्यानं त्याला ढकललं, तो बाकावर आपटला. दप्तरात काही सापडलं नाही. पण ढकललं तेवढं पुरलं. मुख्याध्यापकांनी त्याला तिथल्या तिथं शाळेबाहेर काढलं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी नेहमीसारख्या एकत्र निघालो. एकटीनं जायचं नाही असं ठरलेलंच होतं. मैदानाच्या कडेच्या बोळात मागून पळत येणारी पावलं ऐकू आली. काटकोन गर्रकन वळली, हात खिशातून बाहेर काढला आणि समोर धरला.

तिच्या मुठीत कर्कटक होतं. टोक बाहेर.

समोर चष्मेवाली उभी होती, धापा टाकत. तिनं आधी मुठीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई, लंब्यानं ते तुमच्या हातात दिलं होतं. मी बघितलं होतं. तुम्ही खिशात टाकलंत."

काटकोन स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. मागच्या बाकांमधून परत येताना पाठीवर नजरा असतात, तेव्हा तिची मूठ आपोआप खिशात जायची. "मला वाटलं किल्ली आहे," ती म्हणाली. एवढा वेळ, दप्तरं तपासली जात असताना, ती तेच धरून उभी होती.

"मग तू वर्गात का नाही बोललीस?" मी जरा ओरडूनच विचारलं. मला मुलीचा राग आला नव्हता, पण तो निघाला तिच्यावर.

"बाई बोलल्या नाहीत," ती म्हणाली, "म्हणून मला वाटलं त्यांनाच लंब्या वर्गात नकोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटकोननं मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर, ताठ उभी राहून. ते बराच वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. मुलाला परत बोलवा म्हणाले. कर्कटकं मात्र कुलपातच राहतील.

लंब्याच्या आत्याचं इस्त्रीचं दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा तो शर्टाला इस्त्री करत होता. काटकोननं त्याची माफी मागितली, शाळेत परत ये म्हणाली. कर्कटक कसं तिच्याच खिशात होतं, ते काहीही न लपवता सांगितलं. तो ऐकत होता, हात चालू होता.

"चोर म्हणाले त्याचं काही नाही, बाई. ते तर नेहमीच म्हणतात," तो म्हणाला. "पण दप्तर तुम्ही बघा म्हटलं, तर तुम्ही मागं सरलात."

"मी घाबरले होते रे."

"मला?"

काटकोनला खोटं बोलता आलं नाही. लंब्यानं इस्त्री उभी करून ठेवली. समोरच्या रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली होती, तिच्यावर कोपऱ्यावरच्या टोळक्यातला एकजण. त्यानं हॉर्न वाजवला.

"आत्या, आलोच," म्हणून लंब्या दुकानाच्या फळीखालून वाकून बाहेर गेला आणि त्याच्या मागं बसला.

काटकोन म्हणाली, थांबू या, येईल. आत्यानं आम्हाला स्टुलं दिली. आम्ही बसून राहिलो. अर्धवट इस्त्री झालेला तो शर्ट शेवटी आत्यानंच पुरा केला, आणि मग तिनं दुकान बंद करायला घेतलं.