विमान जाईपर्यंत

संध्याकाळी साडेसातला लतिका साळवेला फोन लावायचा नाही, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, कोणाच्या गाडीला कोणी घासून गेलं, काहीही असो, सेक्रेटरीबाईंना आठनंतर गाठायचं. साडेसातला ती दिल्लीच्या या द्वारकेत नसायची. दिसायला बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची, पण जीव सगळा नगरला.

मी वृंदा, तिच्या वरच्या मजल्यावरची. सरकारी नोकरीतून निवृत्त, नवरा वारलेला, आणि माझ्या लेकाच्या मते भांडकुदळ. लतिकाही सरकारी नोकरीतलीच, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. परीक्षा देऊन नगरहून आली ती दोन-चार वर्षांत बदली करून परत जाईन म्हणत. सगळे तसंच म्हणत येतात. मग लग्न होतं, फ्लॅटचा हप्ता सुरू होतो, मूल शाळेत जातं, आणि बदलीचा अर्ज कपाटातच राहतो. तिचा नवरा मानस फरीदाबादला कारखान्यात, येईपर्यंत रात्र होते. मुलगी अवनी इथेच जन्मलेली. मराठी बोलते, पण मधल्या गाळलेल्या जागा हिंदीनं भरत.

साळवे मंडळी ख्रिस्ती. माझ्याकडे देव्हारा, तिच्याकडे भिंतीवर साधा लाकडी क्रूस. पण दिल्लीत आपल्या बोलीत भांडायला मिळणं हेच मोठं, त्यामुळे आमचं जमलं. रविवारी ती जवळच्या चर्चमध्ये हिंदी उपासनेला जायची. "गाणी छान असतात, वृंदाताई," म्हणायची, "पण मागायचं म्हटलं की तोंडात मराठीच येतं."

आणि मागायचं ते साडेसातला. नगरला तिचे वडील विनायक सर आणि आई मीनाक्षीबाई दोघंच राहत. सरांनी उभा जन्म शाळेत शिकवलं, त्यामुळे गावाला ते सरच. त्यांच्या घरात रोज संध्याकाळी कुटुंबप्रार्थना. लतिका दिल्लीला आली तरी त्यात खंड नाही. ती फोन लावायची, स्पीकरवर ठेवायची, अवनीला खोलीतून ओढून आणायची, आणि तिकडून सर सुरू करायचे. प्रार्थना चालवायची ती घरातल्या वडीलधाऱ्यानं, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं, असा त्यांचा शिरस्ता. सर एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागत. मानसची गाडी रस्त्यावर सांभाळ. अवनीचं लक्ष अभ्यासात लाव. लतिकाचा राग आवर. मीनाक्षीच्या गुडघ्यांना आराम दे. मीनाक्षीबाईंचं आमेन नेहमी जरा मागून यायचं, कारण त्यांचं अर्धं लक्ष गॅसवरच्या भाजीत.

आमच्या डोक्यावरून विमानं इतकी खाली जातात की बोलणंच बंद पडतं. घरघर फोनमधून नगरला पोचली की सर वाक्याच्या मध्ये थांबत. थोड्या वेळानं विचारत, "गेलं का विमान?" लतिका हो म्हणाली की सोडलं तिथून पुढे. तेवढा वेळ देव बिचारा तिष्ठत उभा, असं मी एकदा म्हटलं, तर ती हसली नाही.

त्या प्रार्थनेचा एक नियम मात्र जबर होता. देवापुढे झाकाझाक नाही. अवनी नववीत गणितात गडगडली, तेव्हा तिनं आजोबांना विश्वासात घेऊन सांगितलं, मम्माला सांगू नका. आजोबांनी कबूल केलं. संध्याकाळी प्रार्थनेत म्हणाले, "अवनीला गणिताचे मार्क आईला सांगण्याचं धैर्य दे." अवनी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी लतिकाला म्हणायची, तुमच्या घरात बातमी आधी देवाला, मग पोराच्या आईबापाला. सरांचा त्यावर खुलासा असा की माणसाशी एखादी गोष्ट गाळून बोलता येतं, डोळे मिटल्यावर येत नाही.

गेल्या फेब्रुवारीत अवनीची बारावीची परीक्षा सुरू झाली. त्याच सुमारास एका संध्याकाळी लतिका वाटीभर गाजरहलवा घेऊन वर आली. चेहरा असा की प्रमोशनच झालंय. म्हणाली, पप्पांनी आजपासून प्रार्थना माझ्याकडे दिली. मला म्हणाले, आता तू चालव, आम्ही ऐकतो. तिच्या घरात हे लहानसहान नव्हतं. लतिकाच्या आजोबांकडून ते सरांकडे आलं होतं, तेही आजोबा थकल्यावर. बाईमाणसाकडे तर कधीच नाही. मी म्हटलं, बिल्कुल बरोबर केलं त्यांनी, आणि हलवा खाल्ला.

मग रोज ती चालवू लागली. मी कधी जाऊन बसे. सरांचाच क्रम, सरांचेच शब्द. आईच्या गुडघ्यांना आराम दे, हेही तसंच. तिकडून दोन आमेन येत. एकदा ती कौतुकानं म्हणाली, "पाहिलंत, आईचं आमेन हल्ली वेळेवर येतं. मी चालवते ना, म्हणून लक्ष देऊन ऐकते." दिवसा आईशी फोनवर बोलणं व्हायचं तेव्हा मीनाक्षीबाई अवनीच्या पेपरांचं विचारत, स्वतःचं काही विचारलं की म्हणत, मला काय धाड भरलीय.

अवनीचा शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी मी खाली गेले होते. सेमलची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, फुलं रस्त्यावर पडून चिखल व्हायचे दिवस. अवनी सोफ्यावर पसरली होती, तिला मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं होतं, आणि आई म्हणत होती, प्रार्थना झाली की जा. फोन लागला. लतिका सुरू करणार, तेवढ्यात सर म्हणाले, "आज मी चालवतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. माझे उघडे होते, दुसऱ्याच्या प्रार्थनेत मी डोळे मिटत नाही. सरांनी आधी अवनीची परीक्षा नीट पार पडली म्हणून आभार मानले. मानसचं झालं. मग म्हणाले, "लतिकाला मोठं मन दे. आम्ही तिच्यापासून लपवलं, त्याची आम्हाला क्षमा करण्याइतकं." लतिकानं डोळे उघडले. फोनमधला आवाज थांबला नाही, शाळेत धडा वाचावा तसा सरळ पुढे गेला. "आणि बापा, तुझी दासी मीनाक्षी. इतके दिवस दवाखान्यात तू तिला सांभाळलंस. तिचं हृदय आता थकलं आहे, डॉक्टरांनीही हात टेकले आहेत. तुझी इच्छा असेल तर लेक येईपर्यंत तिला ठेव. नसेल तर तिला विसावा दे. प्रभु येशूच्या नावानं मागतो. आमेन."

इकडून कोणी आमेन म्हटलं नाही. तिकडून एक आलं, अगदी बारीक, आणि लगेच. मीनाक्षीबाईंचं.

अवनीला सगळं समजलं नव्हतं. तिनं आईचा हात धरून विचारलं, "मम्मा, विसावा मतलब?"

"आराम," लतिका म्हणाली. तेवढं सांगून ती उठली आणि कपाटातून बॅग काढायला गेली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ रडारड पाहिली आहे, केलीही आहे. पण त्या पोरीला तो अर्थ आईनं सांगितला, तसं काही मी पुन्हा पाहू नये.

सकाळच्या विमानानं ती पुण्याला निघाली, तिथून नगरला गाडीनं जायचं होतं. पुण्याला उतरून फोन चालू केला तर नगरच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आलेला होता. मीनाक्षीबाई पहाटेच गेल्या होत्या, ती विमानतळावर रांगेत असताना. सरांनी तिला फोन केला नव्हता. एकटी आहे, वाटेत कोण धरणार तिला, म्हणाले.

नगरला काय झालं ते तिनं मला नंतर, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मीनाक्षीबाईंना दवाखान्यात ठेवलं त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याकडून शब्द घेतला होता, अवनीचे पेपर होईपर्यंत दिल्लीला कळवायचं नाही. लतिका धावत येईल, पोरीचं वर्ष जाईल. आपल्याकडच्या आया अशाच असतात, मरतानाही नातीच्या टाइमटेबलकडे डोळा. सरांनी शब्द दिला. फोनवर ठीक आहे म्हणणं त्यांना कसंबसं जमलं. पण संध्याकाळी डोळे मिटून मीनाक्षीच्या गुडघ्यांना आराम दे असं म्हणायचं, आणि ती समोर खाटेवर नळ्या लावून पडलेली, हे त्यांना जमेना. म्हणून त्यांनी प्रार्थनाच लेकीच्या हाती दिली. रोज त्या वेळी ते खाटेशी बसत आणि फोन मीनाक्षीबाईंच्या उशीवर ठेवत. आमेन वेळेवर यायचं ते त्यामुळे.

दफनविधी होऊन लोक पांगल्यावर लतिकानं बापाला विचारलं. रागावून विचारलं, तिचा राग मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, म्हणाली. सर म्हणाले, "तुझ्याशी बोललो. त्याच्याशी बोलता येईना, म्हणून तुला चालवायला सांगितलं. मला वाटलं होतं, तू ओळखशील."

हे वाक्य तिला लागलं. खोटेपणा तिनं माफ केला असता, हे नाही झालं. ती द्वारकेला परत आली. सरांना चला म्हणाली होती, ते आले नाहीत, त्यांची चर्चची मंडळी तिथे, बायकोची माती तिथे. आल्यावर तिनं साडेसातला फोन लावणं बंद केलं. त्या वेळी ती स्वयंपाकघरात उभी राहायची आणि भांडी घासायची, कामवालीनं घासलेली. सरही फोन करायचे नाहीत. फोन लेकीनं लावायचा, हाही एक शिरस्ता होता, आणि म्हातारे लोक शिरस्ते मोडत नाहीत. मानस फरीदाबादहून निघताना त्यांना लावायचा, जेवलात का विचारायचा. जेवलो म्हणायचे. खरं-खोटं कोण बघतंय.

मी थोडे दिवस खाली गेले नाही. मला सरांचा राग येत होता आणि कीवही. शेवटी एका संध्याकाळी खाली गेले, तर बाई पुन्हा स्वच्छ पातेल्यावर घासणी फिरवतेय. मी म्हटलं, सुतक आमच्यात असतं, तुमच्यात कधीपासून आलं? तिची घासणी चालूच. मी म्हटलं, तो माणूस तिकडे फोन समोर ठेवून बसला असेल, तू इकडे पातेली झिजव. तेव्हा तिनं नळ बंद केला.

"वृंदाताई, मी रोज देवाकडे तिचे गुडघे मागत होते," ती म्हणाली. "ती तिकडे जात होती आणि मी गुडघे मागत होते. आणि ते दोघं आमेन म्हणत होते. आता कुठल्या तोंडानं काय मागू?"

माझा तोंडाळपणा अशा वेळी उपयोगी पडत नाही. मी एवढंच म्हटलं की तू नको मागू, ते मागतील, तू फोन तेवढा लाव. आणि टॉवेल नव्हता म्हणून तिचे ओले हात तिच्याच पदराला पुसून तिला त्या स्वयंपाकघरातून बाहेर आणलं. अवनी आपण होऊन येऊन बसली, न ओढता.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. सलाम पप्पा, लतिका म्हणाली, त्यांच्यात नमस्कार असाच. सलाम बेटा, सर म्हणाले. एवढे दिवस कुठे होतीस, वगैरे काही नाही. सुरुवातच केली. आवाज खरखरीत झाला होता. मानसला सांभाळ. अवनीला चांगल्या कॉलेजात घाल. लतिकाच्या मनाला शांती दे. सवयीनं वाक्य पुढे सरकलं आणि सर म्हणाले, "मीनाक्षीच्या..."

आणि थांबले.

त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी मागत नाहीत. गेलेलं माणूस देवाजवळ पोचलं, आता त्याला काही कमी नाही, असं ते मानतात. आमच्यासारखं नाही, की वर्षाला पिंड तरी ठेवता येतो. म्हणजे रोज घ्यायचं ते नाव तोंडात आलं होतं आणि त्याच्यापुढे मागायला काहीच उरलं नव्हतं. फोनमधून श्वास ऐकू येत होता, मग तोही अडखळायला लागला. माझ्या ओळखीत त्या सरळ माणसाचा आवाज कधी असा झाला नव्हता.

लतिकाचे डोळे मिटलेले होते, गालावरून पाणी वाहत होतं. ती फोनकडे वाकली.

"पप्पा, थांबा जरा," ती म्हणाली. "विमान जातंय."

बाल्कनीचं दार उघडं होतं. बाहेर आभाळ रिकामं होतं, समोरच्या गच्चीवरच्या टाक्या तेवढ्या दिसत होत्या, आणि इतकं शांत होतं की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. अवनीनं डोळे उघडून बाहेर पाहिलं, मग आईकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले.

"जाऊ दे," सर कसेबसे म्हणाले. "मी थांबतो."

मग त्यांनी फोन बहुधा बाजूला ठेवला. तरी आम्हाला ऐकू येत होतं. पुष्कळ वेळानं नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "गेलं का?"

"नाही अजून, पप्पा," लतिका म्हणाली.