टेबलाखालची जागा

"तू जा टेबलाखाली. तुले खाली बसाची सवय आहे."

इंग्रजीचे सर असं म्हणाले आणि वर्ग हसला. मी सहावीत होते. सरांची एक पद्धत होती. शब्दाचा अर्थ सांगायचे नाहीत, पोरांना उभं करून दाखवायचे. 'ऑन' म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांची मुलगी, टेबलावर. 'अंडर' म्हणजे मी. दर वेळी मीच. बौद्ध मोहल्ल्यातली, खाणमजुराची. वर बसलेल्या तिचे सँडल माझ्या तोंडापुढे हलायचे. वर्ग सुरात ओरडायचा, 'शी इज अंडर द टेबल!' मी गुडघ्यांत मान घालून बसायचे. फार लाज वाटायची.

तपासणीला साहेब आले, त्या दिवशीही हाच धडा. अध्यक्षांची मुलगी टेबलावर चढली. सरांनी माझ्याकडे बोट केलं. मी जागेवरच उभी राहिले.

"सर, मले समजलं. आता दुसऱ्याले पाठवा."

साहेब गेल्यावर हात सुजेपर्यंत छडी खाल्ली. बाबांना बोलावणं गेलं. बाबा चिखला गावच्या खाणीत जमिनीखाली काम करायचे. सरांसमोर त्यांनी हात जोडले. घरी येताना म्हणाले, "काहून गेली नाही वं? पाच मिनिटं तर बसाचं होतं."

"तुम्ही खाली जाता ते कामाले जाता, बाबा. मले कायले पाठवतेत?"

बाबांच्या त्या जोडलेल्या हातांचा राग सरांवरच्या रागापेक्षा जास्त टिकला.

आज मी इंग्रजीच शिकवते, एका खासगी शाळेत, करारावर. 'अंडर' या शब्दाचे बाकीचे अर्थ हळूहळू कळले. अठरा वर्षांच्या आतला तोही अंडर, दुरुस्तीला काढलेला रस्ताही अंडर, आणि ज्याच्या हाताखाली राबायचं त्याच्याही अंडर. मुख्याध्यापक रोज ऐकवतात, "मॅडम, तुम्ही माझ्या अंडर आहात." ऐकून ऐकून थकले. संध्याकाळपर्यंत भांडायचीही ताकद उरत नाही.

परवा त्यांनी पालकांसमोर नमुना पाठ घ्यायला सांगितला. टेबलाखाली बसवायला मूलही त्यांनीच निवडलं. वीटभट्टीवरच्या मजुराची मुलगी.

"छोटीशी आहे, मस्त मावते," म्हणाले.

मी नाही म्हटलं.

"करार संपून राहिला तुमचा. विसरू नका."

विसरले नाही. घर माझ्याच पगारावर चालतं. नोकरी जाईल तर जाईल. 'अंडर' शिकवायला मी टेबलाखाली माझी पर्स ठेवीन, डबा ठेवीन, चप्पल ठेवीन. माणूस ठेवणार नाही.