जीपच्या चाकातली हवा कोणी काढली?

आधीच सांगते – असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. आम्ही बौद्ध. घरात अंगारे-धुपारे नाहीत, उतारे नाहीत, दाराला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. त्यात मी सरकारी ऑफिसात क्लार्क, म्हणजे आधी कागद दाखवा, मग बोला. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं होतं, आणि ती वाचली कशी याचा कागद माझ्याकडे नाही...

आमच्या ह्यांना लष्करी गाड्यांचं वेड. ओझरच्या बाजूनं विमानाचा आवाज आला की अर्धी आंघोळ टाकून टॉवेलवर गच्चीत! देवळालीकडे तोफ ओढणारा ट्रक दिसला की स्कूटर त्याच्या मागे, आणि स्कूटरवर मागे मी, मांडीवर भाजीची पिशवी. शेवटी फौजेनं काढून टाकलेली एक जुनी जीप घेतलीच. नाशिकरोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बापलेक दर रविवारी तिच्याखाली आडवे. सायली, माझी मुलगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मी जीपला सवत म्हणते, ती मावशी म्हणते.

आता एक गोष्ट, जी मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. या जीपचं चाक आपल्या गाडीसारखं नसतं. टायर ज्या लोखंडी रिमवर बसतो ती दोन अर्ध्या भागांची असते, नटांनी एकमेकांना आवळलेली. मधले नट खोलले की चाक निघतं. बाहेरच्या गोलातले खोलले की रिमच उघडते, आणि टायरमध्ये हवा भरलेली असेल तर ते लोखंड समोरच्याच्या तोंडावर उडतं. माणूस जागच्या जागी जातो. म्हणून फौजेत बाहेरचे नट लाल रंगवतात, म्हणजे हात लावायचा नाही. आणि आमच्या हौशी कलाकारानं काय केलं? जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला न्यायची म्हणून नटांसकट अख्खी जीप हिरवीगार मारली. लाल ठिपके डोळ्यांना खुपतात म्हणे!

तर जानेवारीतला रविवार. गिरणारे सोडून आम्ही काश्यपी धरणाकडे निघालो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील, छान उबदार ऊन. मागच्या चाकातून करकर आवाज यायला लागला, जळका वास आला. ह्यांनी जीप कडेला घेतली.

"ब्रेक धरून बसलाय. गार होऊ दे. मी त्या मळ्यातून पाणी आणतो, रेडिएटरलाही लागेल. तोवर कुणी हात लावू नका," म्हणाले आणि कॅन घेऊन गेले.

ते वळणाआड गेले आणि आमच्या सायलीबाईंनी जॅक काढला.

"सायली, पप्पा काय म्हणाले?"

"मम्मी, पप्पा येईपर्यंत चाक काढून ठेवते ना. त्यांचे गुडघे दुखतात नंतर."

मी रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर पेरू खात बसले. मला काय कळतंय त्यातलं! एका बाजूला द्राक्षबाग, तिला तारेचं कुंपण. दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भातखाचरं, सगळी मोकळी. माणूस काय, कुत्रं आलं असतं तरी दिसलं असतं. सायली चाकासमोर मांडी घालून बसली होती आणि पाना लावत होती – बाहेरच्या गोलातल्या नटांना. सगळेच हिरवे, आणि चाकांचं काम आजवर पप्पाच करायचे, तिला तरी काय दिसणार? एक सैल झाला. दुसरा झाला. तिसरा हटेना, तर पान्यावर पाय देऊन उभी राहिली.

आणि फुस्स...

"मम्मी, तू व्हॉल्व्हला हात लावलास?"

"मी इथे बसलेय ना गं! माझा काय हात एवढा लांब आहे?"

तिनं वाकून पाहिलं. व्हॉल्व्हवरचं टोपण नव्हतं. हवा अडवणारी आतली पिनही नव्हती. टायर बघता बघता चपटा झाला. "शी! आता पप्पा ओरडणार," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली. शेवटचा नट निघाला तेव्हा चाक आलंच नाही, नुसती रिमची बाहेरची बाजू निघून तिच्या मांडीवर पडली.

"अगं बाई, हे अर्धंच आलं!" ती हसत होती.

तेवढ्यात हे वळणावर दिसले. मांडीवरचं लोखंड पाहिलं आणि हातातला कॅन सोडून पळत आले. ओरडले नाहीत. तिचं डोकं दोन्ही हातांत धरून चाचपत राहिले, मग तिथेच मातीत बसले. "हवा कुणी काढली? सायली... हवा कुणी काढली?" एवढंच. मग मला सगळं सांगितलं. मी तिला अशी घट्ट धरली की ती म्हणाली, "मम्मी, श्वास घेऊ दे." मी मोठ्यानं रडले, रस्त्यावर.

टोपण सापडलं ते बॉनेटवर. उलटं ठेवलेलं, आणि पिन त्याच्या आत, हरवू नये म्हणून कुणी ठेवावी तशी. ती पिन हातानं निघत नाही, तिची छोटी चावी लागते. चावी ह्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, आणि जुडगा ह्यांच्या खिशात, मळ्यात. पिन घासली असेल, दाबानं उडाली असेल, असं माझे भाऊजी म्हणतात. असेल बाबा. पण उडून टोपणात जाऊन बसली? जीप ज्याच्याकडून घेतली त्यालाही विचारलं, आधी कोण चालवायचं म्हणून. त्याला काही माहीत नव्हतं.

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी नट लाल रंगवले आणि जीप विकतो म्हणाले. सायलीनं विकू दिली नाही. मीही गप्प बसले, कारण खरं सांगू? आभार मानायचे राहिलेत, आणि कुणाचे मानायचे ते मला कळत नाही.

तुमच्यापैकी कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर लिहा. नसेल तरी माझं काही अडलेलं नाही. पोरगी आत्ता समोर बसून पोहे खातेय, आणि शेंगदाणे कमी घातले म्हणून माझ्याशी भांडतेय.